उजवी पाकळी

१८ नोव्हेंबर २०२५

चि. शिवांगी,

आशीर्वाद लिहितो आहे. घ्यायचे की परत धाडायचे ते तू ठरव.

तू फोन उचलत नाहीस म्हणून पत्र. छत्तीस वर्षं मालवणच्या कचेरीत बसून लोकांच्या अर्जांवर शेरे मारले, स्वतःच्याच मुलीला अर्ज करायची पाळी येईल असं वाटलं नव्हतं. तुझा दोडामार्गचा पत्ता मी लिओनकडून काढून घेतला. त्याच्यावर रागावू नकोस. शेजारच्या कॉस्मेचा पोर म्हणून लहानपणी मी त्याला पाढे शिकवले आहेत, आज तो विमान कंपनीत कॅप्टन असला तरी माझ्यासमोर खोटं बोलताना अडखळतो. त्यानेच सांगितलं की तू मोपाच्या विमानतळावर काउंटरवर उभी असतेस आणि लोकांच्या बॅगांना चिठ्ठ्या लावतेस. आम्हाला तू फक्त 'गोव्यात कंपनीत' एवढंच सांगितलं होतंस. दोन तासांचा रस्ता आहे गं. दोन गणपती तुझ्याविना झाले.

आईला तू जो निरोप पाठवलास तो तिने मला चारदा ऐकवला. मी इथे लिहून काढतो, म्हणजे नीट ऐकला की नाही ते तुला कळेल. 'आई, बाबांका सांग, देवाक इचारा. लायसन मिळान दीड वर्स झाला. तीन कंपन्यांच्या परीक्षेत नापास झालंय, बाकीच्यांनी बोलवलाच नाय. देवान दाखवलेली वाट चुकीची आसूची नाय, मीच कमी पडलंय. फेब्रुवारीत माझ्या मेडिकलची मुदत संपता. परत करून धरून ऱ्हवू काय सोडून देवू, ता देवाकच इचारा. तो सांगात ता मी करतलंय.'

आता संदर्भ. कारकुनाचं पत्र संदर्भाशिवाय पुढे सरकत नाही. चार वर्षांपूर्वी तुझ्यापुढे दोन वाटा होत्या आणि दोन्ही शेवटी एकाच ठिकाणी जाणाऱ्या, प्रवासी विमानाच्या कॉकपिटमध्ये. एक हवाई दलातून. लेखी परीक्षा, पाच दिवसांची मुलाखत, डॉक्टरांची तपासणी, सगळं तू पार केलं होतंस. अकादमीत हजर व्हायचं तेवढं बाकी होतं. चौदा वर्षं नोकरी करायची आणि मग लिओनसारखं कंपनीत जायचं. दुसरी वाट बाहेरून. पैसे भरून फ्लाइंग स्कूल, दोन वर्षांत लायसन्स आणि पंचविशीतच कंपनी. लिओन म्हणाला, 'हवाई दलात विमान तुका शोधीत येता, भायर तुका विमान शोधूक लागता.' आई म्हणाली, चौदा वर्षं म्हणजे मुलीचं सगळं वयच गेलं. कॉलेजातल्या सरांनी तिसरंच सांगितलं. शेवटी तू रडकुंडीला येऊन म्हणालीस, देवाक इचारा. मी रवळनाथाच्या देवळात जाऊन कौल लावला. उजवी पाकळी पडली तर हवाई दल, डावी पडली तर नाही. मी घरी येऊन डावा सांगितला. तू बाहेरच्या वाटेने गेलीस. इथवरचा संदर्भ तुलाही मान्य असावा.

उद्या सकाळी धोंडू गुरवाकडे जातो. काय पडेल ते कळवीन.

तुझे बाबा


२ डिसेंबर २०२५

चि. शिवांगी,

पत्र पोचलं म्हणे. लिओन मोपावरून मुंबईला विमान घेऊन गेला तेव्हा तुझ्या पर्समधून पत्राचं पाकीट डोकावताना त्याने पाहिलं. उघडलेलं होतं की बंद, ते त्याच्या लक्षात नाही. कॅप्टन असून एवढंही नीट बघत नाही.

कौल अजून लावलेला नाही. धोंडूच्या भावकीत सुतक आलं आहे. बारा दिवस त्याला देवाला हात लावता येत नाही, आणि त्यानंतर लगेच जत्रा, म्हणजे त्याला डोकं खाजवायला फुरसत नाही. तेव्हा थोडा धीर धर. आई रोज संध्याकाळी दिवा लावताना विचारते, कौलाचं काय झालं. मी म्हणतो, देवाच्या दारी घाई चालत नाही. ती गप्प होते. देवाचं नाव घेतलं की ती नेहमीच गप्प होते.

दरम्यान, सुचवतो आहे म्हणून चिडू नकोस. तलाठ्याची भरती निघेल असं कचेरीत बोलतात. तुझं फिजिक्स पक्कं, गणित पक्कं. देव सांगायचं ते सांगेलच, आपला एक अर्ज भरून ठेवायला काय जातं? बँकेच्याही परीक्षा असतात. कणकवलीत त्यांचा चांगला क्लास आहे, आपल्या वाडीतली रिशेल तिथे जाऊन पास झाली. विमान चालवणारी मुलगी सातबारा लिहील तर लोक हसतील असं तुला वाटत असेल. लोक दोन दिवस हसतात. तिसऱ्या दिवशी त्यांना सातबारा हवा असतो.

एक मात्र सांगतो. 'मीच कमी पडलंय' हे पुन्हा आईला म्हणू नकोस. त्या स्कूलची दोन विमानं सहा महिने जमिनीवर पडून होती, त्यात तुझी काय चूक? दिवसाला वीस मिनिटं उडायला मिळावं म्हणून तू मध्य प्रदेशच्या त्या उन्हात पत्र्याच्या शेडमध्ये बसायचीस, सोबतची मुलं कंटाळून घरी गेली, तू बसलीस. लायसन्स घेऊन घरी बसलेली हजारो पोरं आहेत म्हणे देशात. सड्यावरची काजूची बाग विकली त्याचंही मनाला लावून घेऊ नकोस. बाग माझी होती, विकली मी.

एक विचारू? समजा, देवाने तेव्हा उजवा दिला असता, तर तू मनापासून गेली असतीस का? की तुलाही आतून थोडी भीती वाटत होती? सहज विचारतो. उत्तर दिलंस तर बरं वाटेल.

तुझे बाबा


२१ डिसेंबर २०२५

शिवांगी,

सुतक नव्हतं. धोंडूची सगळी भावकी ठणठणीत आहे. जत्राही झाली, तू आली नाहीस.

मी पहिलं पत्र टाकलं त्याच्या दुसऱ्याच दिवशी देवळात गेलो होतो. नारळ, विडा, अगरबत्ती सगळं घेऊन. धोंडू ओसरीत पणत्या पुसत होता. मी म्हटलं, मुलीचा प्रश्न आहे, कौल लावायचा आहे. एरवी तो लगेच हात धुऊन गाभाऱ्यात जातो, पाकळ्या भिजवतो, देवाच्या पाषाणावर उजवीकडे-डावीकडे चिकटवतो आणि गाऱ्हाणं घालायला लागतो. त्या दिवशी उठलाच नाही. पणती खाली ठेवून म्हणाला,

'भाई, आधीचो कौल पाळलात काय?'

मी म्हटलं, त्याला चार वर्षं झाली, हा प्रश्न वेगळा आहे. तो म्हणाला, 'वर्सा तुमका. देवाक नाय. आधीचो जसो पडलो तसो चेडवाक सांगा आणि मगे येवा. तोवर मी पाकळ्येक हात लावचंय नाय.'

त्याच्या घराण्याची रीत तुला ठाऊक आहे. कौल ज्याने विचारला त्यानेच घरी जाऊन सांगायचा, गुरवाने देवळाबाहेर त्यातलं एक अक्षर बोलायचं नाही. त्याच्या बापाने कधी तोंड उघडलं नाही, त्यानेही नाही. तू फ्लाइंग स्कूलला गेलीस तेव्हा गावभर पेढे वाटले गेले, त्यातला एक धोंडूच्याही हातावर पडला. त्याने तो खाल्ला नाही, धोतराच्या सोग्यात बांधला. मी पाहिलं होतं. त्याच्या रीतीच्या आडोशाला मी चार वर्षं बसून आहे.

आता जसा पडला तसा सांगतो.

जानेवारीचा महिना होता. तुला कोरोना झाला होता, तू माडीवरच्या खोलीत बंद होतीस आणि आई खाली तुझ्यासाठी काढे उकळत होती. म्हणून देवळात मी एकटाच गेलो. धोंडूने गाऱ्हाणं घातलं, चेडवाक हवाई दलात धाडूचा काय नको, ता सांग म्हाराजा. त्याचं वाक्य पुरं व्हायच्या आत उजवी पाकळी पडली. सटकन. मी म्हटलं, वाऱ्याने पडली असेल, पुन्हा लाव. त्याने गाभाऱ्याचं दार लोटून पुन्हा लावली. उजवी. मी म्हटलं, आणखी एकदा. असं विचारू नये, देवाची परीक्षा घेऊ नये, हे मी स्वतः दुसऱ्यांना सांगत आलो. धोंडूने माझ्याकडे बघितलं आणि तिसऱ्यांदा लावली. तिसऱ्यांदाही उजवी.

घरी आलो. तू बंद दाराआडून विचारलंस, 'बाबा, काय इलो?' दार बंद होतं हे माझं नशीब. तुझं तोंड दिसत असतं तर जमलं नसतं. मी म्हटलं, 'डावो.' तू थोडा वेळ खोकलीस आणि मग 'बरा' म्हणालीस. एवढंच. मी जिना उतरून खाली आलो आणि आईने दिलेला चहा प्यायलो.

का केलं ते विचारशील. मी भ्यालो. त्याच आठवड्यात टीव्हीवर एका वैमानिकाला घरी आणताना दाखवलं होतं. तिरंग्यात गुंडाळलेली पेटी, अंगणात मांडव, आणि त्याचा बाप माणसांना खुर्च्या मांडून देत होता. रडत नव्हता, खुर्च्या मांडत होता. मला ते बघवेना. आपल्या अंगणात किती खुर्च्या मावतील हे मी मोजून बघितलं, खरंच मोजलं, आणि मग देवळात गेलो. देवाने उजवा द्यावा म्हणून मी गेलोच नव्हतो.

कमी तू पडली नाहीस, शिवांगी. देवाने दाखवलेली वाट तू चुकली नाहीस. ती तुला कुणी दाखवलीच नाही.

बाबा


२२ डिसेंबर २०२५

शिवांगी,

काल कट्टा गावच्या टपालपेटीत पत्र टाकलं आणि बाजारातून येताना हलकं वाटलं. मासेसुद्धा घेतले. घरी पोचेपर्यंत ध्यानात आलं की त्या पत्रात मी स्वतःला प्रेमळ बाप करून घेतलं आहे. मुलीच्या जिवाला भिणारा बाप. वाचणाऱ्याला दया यावी असा. ते तसं राहू देणं म्हणजे आणखी एक खोटं, म्हणून हे दुसरं.

गेल्या वर्षीच्या जूनमधला तुझा फोन आठव. लायसन्स नुकतंच हातात आलं होतं आणि तू भोपाळच्या बस स्टँडवरून बोलत होतीस. मागे गाड्यांच्या घोषणा चालल्या होत्या. तू म्हणालीस, 'बाबा, लायसनवाल्यांका हवाई दलात सव्वीसपर्यंत घेतत. माझी ही शेवटची खेप. जूनच्या अखेरीक फॉर्म बंद होता. भरू?'

तुझ्या आवाजात मला ऐकू आलं होतं की तुला भरायचा आहे. तू परवानगी मागत नव्हतीस, मी 'भर' म्हणावं एवढीच वाट बघत होतीस. तोवर तू अडीचशे वेळा तरी एकटी आकाशात जाऊन आली होतीस. तुला काही होईल ही भीती माझ्यात उरली नव्हती. कॉस्मेच्या पडवीत बसून मीच सगळ्यांना तुझे उतरण्याचे किस्से सांगायचो, थोडे वाढवूनसुद्धा.

तरी मी तुला काय म्हटलं? 'देवाचो शब्द एकदा झालो. तो मोडूचो नाय, बाय.'

कारण सांगतो. तू फॉर्म भरला असतास तर निवडली गेली असतीस, आधी गेली होतीस तशी. मग गावात लोक म्हणाले असते, देवाने नाही सांगितलेलं मुलीने करून दाखवलं. कुणीतरी धोंडूला टोकलं असतं, तुझो देव खोटो पडलो. आणि त्या दिवशी त्याने बापाची रीत मोडली असती. मग आईला कळलं असतं, गावाला कळलं असतं, पोराबाळांच्या लग्नापासून जमिनीच्या भांडणापर्यंत ज्याला लोक विचारायला येतात तो भाई देवाच्या नावाने खोटं बोलला. हे सगळं मी फोन कानाला लावून, तू गप्प होतीस तेवढ्या वेळात जमेस धरलं. मला हिशेब झटपट जमतो.

पहिल्या खेपेला मी तुझ्यासाठी भ्यालो. दुसऱ्या खेपेला माझ्यासाठी. पहिलीला चूक म्हणता येईल. दुसरीला मला नाव सापडत नाही.

ऑगस्टमध्ये तुला सव्वीस पुरी झाली. ते दार आता कुठल्याच कौलाने उघडायचं नाही, हे मला तुझ्याइतकंच ठाऊक आहे. क्षमा मागत नाही. मागितली तर तुला काहीतरी उत्तर द्यावं लागेल, आणि तेवढाही त्रास मी तुला देऊ नये.

आईला अजून सांगितलेलं नाही. तू सांग म्हणालीस की त्याच दिवशी सांगेन.

बाबा


१९ जानेवारी २०२६

शिवांगी,

काल तू गावात आली होतीस.

मला ते दुपारी कळलं. मी परसात कुंपणाला नव्या काठ्या बांधत होतो. देऊळ तिथून दिसतं, तुला माहीत आहे. मान वर केली असती तर तू दिसली असतीस. मी काथ्याच्या गाठी मारत बसलो होतो.

धोंडू बेड्याशी, कुंपणाच्या फाटकापाशी, येऊन उभा राहिला. आत ये म्हटलं तर आला नाही, बस म्हटलं तर बसला नाही. माझी शेवटची दोन्ही पत्रं तू त्याला दाखवलीस, असं म्हणाला. त्याला वाचता येत नाही. तूच वाचून दाखवलीस म्हणे, पायरीवर बसून, पहिल्यापासून शेवटपर्यंत, आवाज न चढवता. मग कौल लाव म्हणालीस. आधीचा कौल सांगून झाला होता, त्यामुळे त्याला नाही म्हणायला कारण उरलं नव्हतं. त्याने विचारलं, इमानाच्या नोकरीचा इचारू काय? तू म्हणालीस, 'नको. इमानाचा माझा मी बघतंय. बापाशीच्या घराक जाव काय, येवडाच इचार.'

उजवी पडली. एकदाच लावली, तू दुसऱ्यांदा लाव म्हणाली नाहीस.

तू देवाला नमस्कार केलास, चप्पल घातलीस आणि घराकडे न वळता कट्ट्याच्या रस्त्याला लागलीस. धोंडू मागून हाक मारत आला. 'बाय, देवान हो म्हटल्यान आसा, खंय चललंस?' तू थांबलीस. त्याने तुझे शब्द जसेच्या तसे मला सांगितले, आणि सांगताना त्याची नजर जमिनीला होती. 'माका गाडी चुकात. तेंका तुमीच सांगा, धोंडूकाका. जसो पडलो तसो सांगा.'

साडेबाराच्या गाडीने तू गेलीस.

त्याच्या बापापासूनची रीत त्याने तुझ्या शब्दाखातर मोडली. मी विचारलं, कशी दिसत होती? तो म्हणाला, बारीक झाली आहे. मी विचारलं, काही खाल्लं का? देवळातलं खोबरं त्याने दिलं होतं, ते तू पिशवीत ठेवलंस. मग तो निघून गेला.

आता मी काय लिहू? परत ये असं लिहायचा हक्क मला नाही आणि देवाचं ऐक असं तर मी कोणत्या तोंडाने लिहू? देव हो म्हणाला तरी जायचं नाही, हे तू माझ्याकडूनच शिकलीस. मला फक्त वाटतं आहे, तू बेड्यापर्यंत यायला हवं होतंस. आत आली नसतीस तरी चाललं असतं. माझ्यावर ओरडायला आली असतीस तरी. हे सगळं वाटणं माझं आहे, त्याचं तू काही करायचं नाहीस.

आणखी एक राहिलं, तेही जसं झालं तसं लिहितो. धोंडू गेल्यावर तुझी आई हात पुसत बाहेर आली. तिने ताटात घावणे काढून ठेवले होते. विचारलं, 'धोंडू कित्याक इल्लो? आमच्या कौलाचा काय सांगल्यान काय?'

मी कुंपणाची काठी उचलली आणि म्हटलं, 'नाय गो. नारळ पाडूक गडी होयो काय, ता इचारूक इल्लो.'

बाबा